तलवार तुटते, हा दोष आहे का? गेमचे गुणदोष कसे पाहावेत

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यात तयार झालेला गेम खेळलो. दिसायला देखणा, पण लढाईत हात जड झाल्यासारखे वाटतात आणि शेवट तर अर्ध्यात सोडल्यासारखा. परीक्षणं वाचली तर कोणी भरभरून कौतुक केलंय, कोणी काठावर पास केलंय. दुसरीकडे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला जगाने डोक्यावर घेतलंय आणि त्यात हातातली तलवार सारखी तुटते! मग गेमचे गुण-दोष ठरवायचे कसे? परीक्षणांतल्या गुणांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का? आणि आपल्याच लोकांनी बनवलेल्या गेमबद्दल वाईट लिहावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते शेवटी देतो.

गेम डिझाइनच्या धंद्यात येण्याआधी मी बरीच परीक्षणं लिहिली. आता टेबलाच्या पलीकडे बसून ती वाचतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. गेममधला गुण आणि दोष बहुतेक वेळा एकाच निर्णयाच्या पोटी जन्मतात. त्यामुळे ‘ग्राफिक्स छान, कथा बरी, कंट्रोल वाईट’ अशी यादी करून हाती फारसं लागत नाही. बनवणाऱ्यांनी काय ठरवलं होतं, त्यातून काय मिळालं आणि त्यासाठी खेळणाऱ्याला काय मोजावं लागलं, हे बघावं लागतं. हे एकदा बघायला लागलात की तुमच्या तक्रारी सगळ्या एका जातीच्या नाहीत हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आधी तलवारीचं बघू.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मार्च २०१७मध्ये आला. सुरुवातीच्या पठारावर तुमच्या हातात येतं ते बहुधा झाडाचं वाळकं फाटं. ते चारेक घावांतच मोडतं. समोर बोकोब्लिन नावाच्या राक्षसांचा तळ आहे, तुम्ही निःशस्त्र. आता? एकाच्या हातून पडलेला सोटा उचलून त्याच्याच टाळक्यात घालता येतो. टेकाडावरचा धोंडा खाली ढकलता येतो. वाळलेलं गवत पेटवता येतं. रात्री ते झोपल्यावर दबकत जाऊन त्यांची हत्यारं आधीच पळवता येतात. हातात न मोडणारी तलवार असती तर यातलं काहीही तुम्ही केलं नसतं. एकच बटण दाबत राहिला असता आणि पठार तसंच राहिलं असतं, नुसतं देखाव्याला.

पण खरं कारण याहून खोल आहे. पठारावरून खाली उतरलात की हा गेम तुम्हाला कुठेही जाऊ देतो. वाटलं तर थेट किल्ल्यात शिरून शेवटच्या खलनायकाशी, गॅननशी, भिडा, कोणी अडवत नाही. आता विचार करा, तिसऱ्या तासाला कोणी किल्ल्यात घुसून सगळ्यात जबर तलवार उचलून आणली आणि ती कायमची त्याचीच झाली, तर पुढच्या पन्नास तासांच्या लढायांना काय अर्थ उरला? बाकीचे गेम यावर उपाय म्हणून दारं बंद ठेवतात: अमुक लेव्हल झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. या गेमने दारं उघडी ठेवली आणि तलवार ठिसूळ केली. ‘कुठेही जा’ आणि ‘तलवार तुटते’ हे एकाच सौद्याचे दोन भाग आहेत. पहिल्याचं कौतुक करून दुसऱ्यावर ‘डिझाइनमधली चूक’ असा शिक्का मारणारं परीक्षण निम्मा गेम वाचून लिहिलेलं असतं.

याचा अर्थ तुमची तक्रार खोटी आहे असा मुळीच नाही. सौदा महाग पडू शकतो आणि इथे काही ठिकाणी पडलाय. डोकं खाजवून एखादं श्राइन (कोड्याची छोटी गुहा) सोडवावं आणि पेटीतून तलवार निघावी, जी उद्या तुटणार. बक्षीस मिळाल्याचा आनंद तिथेच ओसरतो. चांगली हत्यारं ‘पुढे मोठ्या राक्षसासाठी लागतील’ म्हणून जपून ठेवायची आणि गेम संपला तरी ती पिशवीत तशीच, हा अनुभव तर जवळपास सगळ्यांचा. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे लढाईत हत्यारं खर्ची पडतात आणि बदल्यात मिळतं ते बऱ्याचदा त्याहून कमी. मग शहाणा खेळाडू लढाई टाळायलाच शिकतो. लढाई इतकी रंगतदार बनवायची आणि मग खेळणाऱ्याने ती टाळावी अशीच हिशेबाची मांडणी करायची, हे मात्र खरं दुबळेपण आहे.

बनवणाऱ्यांनाही ते दिसलं असावं. मे २०२३मध्ये आलेल्या पुढच्या भागात, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये, हत्यारं तुटतातच. निर्णय सोडला नाही, हिशेब बदलला. आता मारलेल्या राक्षसाचं शिंग गंजक्या तलवारीला जोडता येतं आणि त्याचंच पातं होतं. म्हणजे लढाई जे घेते ते परतही देते. एखाद्या गेमवरची टीका बरोबर होती की नाही याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण. ‘तुटणं बंद करा’ म्हणणाऱ्यांना या भागाने काही दिलं नाही. ‘तुटल्यावर मला काय मिळतं?’ विचारणाऱ्यांना उत्तर दिलं.

तेव्हा पहिली जात म्हणजे किंमत. ती तुम्हाला परवडत नसेल तर तसं जरूर लिहा, पण कशाची किंमत आहे तेही लिहा.

दुसरी जात म्हणजे विसंगती. एकाच घरात दोन कायदे. याचं माझ्या मते ठळक उदाहरण ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. ऑक्टोबर २०१८मध्ये आला, मेटाक्रिटिकवर (सगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणारं संकेतस्थळ) ९७ गुण. हा गेम मुद्दाम संथ आहे. छावणीत नायक आर्थर मॉर्गनला धावता येत नाही. घराची झडती घ्यायची तर एकेक खण हाताने उघडायचा, एकेक डबा उचलायचा. हरीण मारलं तर कातडं सोलायचं, खांद्यावर टाकून घोड्यापर्यंत न्यायचं. खूप जणांना हे असह्य होतं. मला आवडतं, कारण १८९९ सालातला, अंगात जड होत चाललेला एक माणूस त्या संथपणातून मला कळतो. हे किंमतीच्या खात्यात गेलं.

पण त्याच गेममधल्या मोहिमा बघा. बाहेरचं जग म्हणतं, हवं तसं फिर, हवं ते कर. मोहीम सुरू झाली की जरा वेगळ्या वाटेने गेलात, मागून वळसा घालून छापा मारायचा विचार केलात, तर पडदा काळा होतो आणि मोहीम फसल्याचं सांगितलं जातं. इथे संथपणाने जसं काही मिळवून दिलं तसं काहीही मिळत नाही. बाहेर दिलेली मोकळीक आत काढून घेतली, इतकंच. चित्रासारखं जग आणि इतका जिवंत नायक असूनही मला हा दोष तलवार तुटण्याच्या कितीतरी पट मोठा वाटतो. पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणांत असल्या गोष्टींवर फार वेळ खर्च होत नाही, आणि त्यात परीक्षकाचा दोष थोडाच. इतका अवाढव्य गेम मोजक्या दिवसांत संपवून मजकूर द्यायचा असतो. मोहिमांचा साचा डोळ्यांत खुपायला लागतो तो जरा रमतगमत खेळल्यावर.

कथा आणि हात (म्हणजे प्रत्यक्ष खेळणं) यांच्यातल्या विसंगतीबद्दल मात्र बरंच लिहिलं गेलंय. ‘फार क्राय २’चे दिग्दर्शक क्लिंट हॉकिंग यांनी २००७मध्ये ‘बायोशॉक’वर टीका करताना ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असा जडशीळ शब्द वापरला आणि तेव्हापासून तो टीकाकारांच्या तोंडी बसला. शब्द राहू द्या. त्याच गेममधला साधा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे अशी गोष्ट कशी शोधायची ते कळेल.

‘बायोशॉक’मध्ये लिटल सिस्टर नावाच्या लहान मुली भेटतात. त्यांच्या अंगात ॲडम नावाचं द्रव्य असतं आणि तुमच्या सगळ्या शक्ती त्यावर विकत घ्यायच्या असतात. मुलीचा जीव घेतला तर १६० ॲडम, तिला वाचवलं तर ८०. गेम आवाज चढवून सांगतो की ही तुमच्या माणुसकीची परीक्षा आहे: चांगलं वागाल तर दुबळे राहाल. पण दर तीन मुली वाचवल्या की भेट म्हणून २०० ॲडम येतात. आता बेरीज करा. तीन मुली मारल्या तर ४८०. तीन वाचवल्या तर २४० अधिक २००, म्हणजे ४४०. फरक ४०चा! वर भेटीच्या खोक्यात इतर वस्तूही असतात. चांगुलपणाची किंमत मोजायला लावतो असं म्हणणाऱ्या गेमने ती मोजायला लावलीच नाही. बोलाचीच कढी. हा दोष ‘कथा ९/१०’ असं लिहिणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि ‘गेमप्ले ९/१०’ लिहिणाऱ्याच्याही नाही, कारण तो दोन्हींच्या मधल्या फटीत आहे. (गेम तरीही मला थोर वाटतो. समुद्राच्या तळाशी बुडालेलं ते रॅप्चर शहर ज्याने पाहिलंय त्याला मी का म्हणतो ते कळेल.)

आता ‘राजी’.

ऑगस्ट २०२०मध्ये तो आधी निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. बनवला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने. त्याआधी २०१७मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरीही गेम पूर्ण झाला आणि २०२०च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनांत त्याचं नाव आलं. एवढं आधी सांगतो ते सहानुभूती मागायला नाही. पुढच्या मुद्द्याला त्याची गरज आहे.

या गेममधला सगळ्यात मोठा निर्णय कॅमेऱ्याचा. तो तुमच्या हातात नाही. बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या जागेवरून, बऱ्याचदा फार लांबून, तो राजीकडे बघतो. त्यामुळे काय मिळालं? राजस्थानी धाटणीचे झरोके, बुरूज, कमानी, पाण्यात उभं असलेलं अख्खं नगर, आणि त्या अजस्र दगडी पसाऱ्यात एक एवढीशी मुलगी. भाऊ गोलूला असुरांनी पळवलंय आणि ती त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे निघाली आहे. तिचं एकटेपण एका शब्दाविना त्या चौकटीतून पोहोचतं. पहाडी लघुचित्रांचे रंग आहेत. कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांनी जोडलेत. पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्याला ती भाषा लगेच ओळखीची वाटेल. कुठलाही परदेशी स्टुडिओ हे असं करू शकला नसता, आणि केलं असतं तर त्यात मसाल्याचा वास आला असता.

आणि त्याच कॅमेऱ्याने काय काढून घेतलं? लढाई. चार असुर अंगावर आले की ते पडद्यावर बोटाएवढे दिसतात. कोण वार करायच्या तयारीत आहे, कोणाचा हात मागे गेलाय, हे दिसायला हवं तेव्हा दिसत नाही. जवळून लढायच्या कुठल्याही गेममध्ये समोरच्याचं शरीर वाचता येणं ही पहिली गरज असते. उड्या मारतानाही तेच: कडा किती लांब आहे याचा अंदाज लांबच्या, तिरक्या कॅमेऱ्यातून चुकतो आणि मरण तुमच्या चुकीने आल्यासारखं वाटत नाही. म्हणजे ‘देखावे अप्रतिम’ आणि ‘लढाई धड नाही’ या दोन वेगळ्या नोंदी नव्हेत. एकाच कॅमेऱ्याचं ते येणं आणि देणं आहे. हे कोणी लिहिलं तर पुढच्या गेमसाठी बनवणाऱ्यालाही उपयोग होतो. ‘लढाई सुधारा’ या वाक्याचा काहीच होत नाही.

पण हात जड वाटण्याचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडता येणार नाही. इथे थोडं तपशिलात शिरतो, कारण खेळणारे हे अचूक अनुभवतात आणि त्याला नाव मात्र ‘कंट्रोल वाईट आहेत’ एवढंच देतात.

बटण दाबल्यावर वार होतो तो तीन तुकड्यांत: हत्यार मागे जातं, लागतं, आणि पुन्हा मूळ जागी येतं. हे तुकडे सेकंदाच्या लहान लहान अंशांत मोजले जातात. यात कळीचा प्रश्न एकच: या तीनपैकी कुठल्या तुकड्यात खेळाडूला मन बदलू द्यायचं? वार अर्धवट सोडून बाजूला उडी घेता आली तर हात हलका वाटतो. पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं तर जड. ‘डार्क सोल्स’मध्ये हे जडपण मुद्दाम आहे, एकदा घातलेला घाव मागे घेता येत नाही, आणि म्हणून तिथे प्रत्येक शत्रू सावकाश, ठसठशीत इशारा देऊन वार करतो. राजी मात्र डोंबाऱ्याच्या चपळाईची पोर आहे: भिंतीवर धावते, खांबाला धरून गरगरत वार करते. अंग चपळ दाखवायचं आणि बटणाला उत्तर सावकाश द्यायचं, यामुळे तुम्हाला हात अडकल्यासारखं वाटलं.

चांगल्या गेममध्ये याच्या उलट, खेळाडूला न कळता झुकतं माप दिलेलं असतं. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा उड्यांचा गेम घ्या. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा दहावा भाग तो तुमची उडी मान्य करतो. धंद्यात याला कोयोटी टाइम म्हणतात. तुम्हाला वाटतं आपण अचूक उडी मारली. खरं तर उशीर झालेला असतो. घाव बसताच चित्र क्षणभर गोठवायचं, म्हणजे तो ‘लागल्यासारखा’ वाटतो, ही दुसरी युक्ती. असल्या शेकडो युक्त्या एकमेकींत बसवाव्या लागतात.

आणि इथेच तो पैशाचा मुद्दा येतो. छोट्या चमूच्या गेममध्ये चित्रं उत्तम आणि लढाई कच्ची, असं वारंवार का दिसतं? कारण महाल एकदा बांधला की बांधला. लढाईचं तसं नसतं. नवा शत्रू आला, नवं हत्यार आलं, एखादी हालचाल बदलली की आधी जुळवलेले सगळे आकडे पुन्हा तपासायचे, पुन्हा अनोळखी माणसाच्या हातात कंट्रोलर देऊन त्याचा चेहरा बघायचा, पुन्हा बदलायचं. या फेऱ्या ट्रेलरमध्ये दिसत नाहीत, स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत, आणि पैसे संपत आले की सगळ्यात आधी त्याच कापल्या जातात. ही तिसरी जात, कमतरता. ‘राजी’चा शेवट याच खात्यात टाकतो. पाचेक तासांचा गेम असायला माझी हरकत नाही; ‘पोर्टल’ तीन-चार तासांत संपतो आणि कोणीही त्याला अपुरा म्हणत नाही. तासाला किती रुपये पडले हे माप भाड्याच्या सायकलला ठीक आहे. पण ‘राजी’ संपत नाही, थांबतो. महाबलासुराशी लढून झाल्यावर ज्या उत्तरासाठी आलो ते हातात येत नाही. असं मोठ्यांचंही होतं: ‘डार्क सोल्स’चा उत्तरार्ध, विशेषतः लॉस्ट इझालिथ हा भाग, घाईने उरकलेला आहे हे त्याचे भक्तही मान्य करतात. कमतरतेला माफी देता येते, पण ती दिसली नाही असं लिहिता येत नाही.

‘राजी’तल्या आणखी एका गोष्टीबद्दल मराठी परीक्षणांत लिहिलं जायला हवं, ती म्हणजे निवेदन. दुर्गा आणि विष्णू वरून बघत बोलत राहतात, भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं की महिषासुराची वगैरे गोष्ट सांगतात. परदेशी खेळाडूला हे हवंच, आणि त्यांच्या परीक्षणांत त्याचं कौतुकही झालं. आजीच्या मांडीवर ही गोष्ट ऐकलेल्याला मात्र कोणीतरी शेजारी बसून आपल्याच देव्हाऱ्याची माहिती आपल्याला इंग्रजीत देतंय असं होतं. पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, लढाईवरही हात फिरवला गेला, तरी गोष्ट कोणासाठी सांगितली जातेय हा प्रश्न राहतोच. हा दोष आहे की नाही हे तुम्ही कोण आहात यावर ठरतं, आणि म्हणून परदेशातल्या परीक्षकाकडून तो कळणार नाही.

चौथी जात आहे लबाडी, आणि तिच्याबद्दल मी कमी बोलणार आहे कारण तिथे गुण-दोषांचा तोल साधत बसण्यात अर्थ नसतो. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव असतात आणि एक परत यायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास खेळ रंगावा म्हणून ठेवलेला नाही, तुम्ही कंटाळून पैसे द्यावेत म्हणून आहे. आवळा देऊन कोहळा काढणं याला म्हणतात. २०१७च्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये तर पूर्ण किंमत मोजून गेम घेतलेल्यांना डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला ६०,००० क्रेडिट (गेममधलं चलन) लागणार होते. ते कमवायला तासन्‌तास खेळा, नाहीतर पैसे टाकून लूटबॉक्स (आत काय निघेल ते न सांगणारी पेटी) फोडा आणि त्यातून थोडे निघतात का बघा. खेळाडूंनी गदारोळ केल्यावर तो आकडा एका झटक्यात १५,००० झाला. जो आकडा रातोरात चौथाईवर येऊ शकतो तो खेळाच्या गरजेतून आलेला नव्हता, हे उघड आहे. फोनवरच्या गेमचं परीक्षण लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारा: इथे मला थांबवलंय ते कशासाठी? आपल्याकडे बहुसंख्य लोक फोनवरच खेळतात आणि त्याच गेमची परीक्षणं सर्वांत कमी लिहिली जातात.

घरात ऐकू येणारी टीका, ‘व्यसन लागतं’, याच्याशी जोडूनच घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरची नोंद जानेवारी २०२२पासून लागू आहे, तेव्हा तो विषय हसण्यावारी न्यायचा नाही. पण सगळ्या गेमना एकच शिवी देऊन पालकांच्या हाती काही लागत नाही. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडणारा गेम आणि पाच तासांत संपणारा ‘राजी’ यांत काय फरक आहे, हे त्यांना सांगायला गेमची भाषा येणारा टीकाकार लागतो.

गुणांच्या आकड्यांबद्दल तुम्ही विचारलंत. माझा त्यांच्यावर फार विश्वास नाही, पण ते निरुपद्रवी आहेत असंही समजू नका. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळण्यावर अवलंबून होता. मिळाले ८४. एका गुणासाठी बोनस गेला. त्यातून पुन्हा, आकडा कोणत्या यंत्रावरचा आहे हे कोण बघतो? ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा आधी छापून आलेली परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली होती. जुन्या प्लेस्टेशन ४वर तो इतका मोडकळलेला होता की सोनीने आठवड्याभरात तो दुकानातूनच काढून टाकला. दोन्ही गट खरं बोलत होते, गेम मात्र दोन वेगळे होते. आणि सप्टेंबर २०२३च्या मोठ्या दुरुस्तीनंतर तिसराच.

म्हणून परीक्षणं वाचताना मी आकड्याआधी दोन गोष्टी बघतो. एक, लिहिणाऱ्याने कोणता प्रसंग जवळून सांगितलाय का. ‘लढाई रटाळ’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तिसऱ्या पुलावर दोन धनुर्धारी कॅमेऱ्याबाहेरून मारतात’ म्हणणारा मला उपयोगाचा, मग त्याचं मत माझ्या उलट का असेना. दोन, तो किती वेळ खेळलाय. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात हे तास नावाखालीच दिसतात. तिथे दोन तासांच्या आत खेळलेला गेम परत करता येतो, त्यामुळे तासाभरात लिहिलेला शेरा हा बहुतेकदा सुरुवातीच्या धड्यावरचा शेरा असतो. उलट तीनशे तास खेळून ‘घेऊ नका’ म्हणणाऱ्याचं मी नीट वाचतो. त्याचं कशावरून तरी मन मोडलेलं असतं, आणि तो ते सांगतो.

आता राहिलेला प्रश्न: पुण्याच्या गेमबद्दल वाईट लिहावं का? लिहावं. झुकतं माप दिलेलं परीक्षण बनवणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं आणि त्याच्या ते सर्वांत कमी कामाचं असतं. ‘भारतीय असूनही छान’ हे वाक्य तर कौतुकाच्या वेषातला अपमान आहे. फक्त कमतरतेला लबाडीसारखं झोडपू नका. पंचवीस जणांच्या आतल्या चमूने सोडून दिलेला कोपरा आणि हजार माणसांच्या कंपनीने मुद्दाम लावलेला सापळा यांना एकच शब्द वापरायचा नाही. ‘राजी’बद्दल लिहाल तेव्हा मूळ आवृत्ती खेळलात की सुधारित, स्विचवर की पीसीवर, आणि आवाज इंग्रजी होता की हिंदी, हे पहिल्या ओळीत टाका. मग तो कॅमेरा घ्या. जिथे लढाईत पहिल्यांदा चिडलात ती जागा शोधा, तिथे पडद्याचा किती भाग महालाने व्यापलाय आणि किती असुरांनी, ते बघा, आणि तिथूनच लिहायला सुरुवात करा.